पाटावरचं आभाळ

चाचा आभाळाकडे कधी बघत नसत.

ज्या माणसाची नोकरीच विमानं कुठं आहेत ते सांगायची, तो दिवसभर पत्र्याच्या खोलीत मान खाली घालून बसलेला असायचा. पुढ्यात टेबल, टेबलावर रेडिओ आणि रेडिओशेजारी एक लाकडी पाट. जेवायला बसायला घेतात तसलाच. त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने एक लांबट चौकोन काढलेला आणि चौकोनाची एक लांब बाजू बोटभर जाड केलेली. जाड बाजू म्हणजे धावपट्टी, बाकीचा चौकोन म्हणजे विमानांचा रस्ता.

विमान सरळ येऊन टेकतं असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. आधी पट्टीला समांतर, उलट दिशेनं जायचं, मग डावीकडे वळायचं, परत एकदा डावीकडे वळायचं, तेव्हा कुठं पट्टी समोर येते. सगळ्यांनी तोच चौकोन धरायचा आणि त्याच दिशेनं. तीन विमानं एका वेळी त्या चौकोनात असली तर कोण पुढं, कोण मागं हे प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. आमच्याकडे टॉवर नव्हता. पायलट रेडिओवर आपापली जागा बोलायचे, चाचा ते ऐकून पाटावर झाकणं सरकवायचे आणि बाकीच्यांना सांगायचे. लाल झाकण तेलाच्या डब्याचं, पांढरं चुन्याच्या डबीचं, पिवळं खोकल्याच्या औषधाचं. तीन विमानं, तीन झाकणं.

नवीन पोरं शिकायला आली की त्यांना हसू यायचं. एकानं विचारलंच, "चाचा, खिडकीतून बघा की. समोर दिसतंय."

चाचा मान वर न करता म्हणाले, "वर बगून काय कळतंय? वर बगितलं की एक गाडी दिसती आन दुसरी इसरती. पाटावर समद्या दिसत्यात."

पोराला ते पटलं. मलाही ते पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं होतं, आणि तेच पुढं अवघड झालं.

सातारा रस्ता चौपदरी होत होता त्या सुमाराची ही गोष्ट. किकवीच्या वरच्या अंगाला माळावर ही खाजगी पट्टी होती. विमान चालवायला शिकवायची एक लहानशी शाळा होती, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं त्या माळाला इमानाचा माळ म्हणायची. चाचा भोरचे. भोरच्या एसटी स्टँडवर सगळी हयात कंट्रोलर म्हणून काढली होती. पेन्शनीत निघाल्यावर दोन महिने घरी बसले, तिसऱ्या महिन्यात घरातल्यांनीच हात जोडले म्हणे, कारण ते घरात कोण कधी बाहेर पडलं आणि कधी परत आलं ते भिंतीवर खडूनं लिहायला लागले होते. शाळा चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांना जमिनीवरून रेडिओ सांभाळणारा माणूस हवा होता. चाचांनी रेडिओची परीक्षा दिली, तीनदा नापास झाले, चौथ्यांदा पास झाले. त्या तीन नापासांबद्दल ते पासापेक्षा जास्त अभिमानानं बोलायचे.

विमानाला ते गाडीच म्हणत. रेडिओवर इंग्रजी बोलावं लागे, आणि त्यांची इंग्रजी वाक्यं ठरलेली वीसएक होती, पण सूर सगळा स्टँडवरचा. लांबवलेला, शेवटी वर जाणारा, फलाटावरच्या सगळ्यात टोकाच्या म्हातारीला ऐकू जावा असा. कॅप्टनसाहेब म्हणायचे, "चाचा, ह्यांच्या कानाला हेडफोन आहे. ओरडू नका."

"हेडफोन कानाला हाय साहेब. ध्यान कुठं हाय त्ये कुणाला म्हाईत?"

एकदा एका शिकाऊ पोरानं घाईत मराठीत सांगितलं, की मी वीटभट्टीच्या जवळपास आहे. चाचांनी बटण दाबलं आणि शांतपणे विचारलं, "जवळपास नावाचा थांबा आपल्याकडं न्हाई. भट्टीच्या अलीकडं का पलीकडं?"

आज मी दुसऱ्या एका पट्टीवर, दुसऱ्या जिल्ह्यात, रेडिओ सांभाळते. चाचांना जाऊन काही वर्षं झाली. पण कुणी 'जवळपास' म्हणालं की माझ्या तोंडून अजून तेच वाक्य बाहेर पडतं, आणि पोरं हसतात.

*

माझं गाव उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सहावीत शाळा सुटली. सातवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि तिथवर पोरीला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते. लग्न झालं, मालक रोलर चालवायला लागले, आणि रोलर जिकडं तिकडं आम्ही. असं करत करत किकवीला येऊन पोचलो. रस्त्याच्या कडेला कामगारांची पालं होती, वर निळं प्लास्टिक अंथरलेलं, बारा-पंधरा पालं एकाला एक लागून.

विमानं आमच्या वस्तीच्या डोक्यावरून जायची. बाकीच्या बाया दोन दिवसांत विसरल्या. मला ते जमेना. लेकरू पालात झोपलेलं असायचं आणि माझा जीव वर टांगलेला. विमान आलं की हातातलं काम टाकून मी बाहेर येऊन उभी राहायची, ते पार निघून जाईपर्यंत. कोणतं कुठून आलं, कुठं वळलं, मागचं किती लांब होतं, हे माझ्या डोक्यात आपोआप राहायला लागलं. मला सगळ्याचीच भीती वाटते, त्याला मी तरी काय करू.

एके दिवशी दुपारी एक पांढऱ्या दाढीचे, इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ आमच्या वस्तीत आले आणि पालांकडे बघत उभे राहिले. बाया आत पळाल्या. आम्हाला वाटलं जागेचे मालक, आता उठवणार.

"ह्ये निळं कागद कवापासनं हाय हितं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "पंधरा दिवस झाले. रस्त्याच्या सायबांनीच टाका म्हणले."

"काल हितं वर काय झालं, बगितलं का कुणी?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मी बघितलं की. लाल पट्ट्याचं मागून येत होतं नीट. पिवळ्या शेपटीचं रोज त्या कोंबड्यांच्या शेडवर वळतंय, काल इथंच वळलं, लवकर. एकमेकांच्या अंगावरच आले होते. लालनं पंख असा कलवला म्हणून..."

मी हातानं दाखवलं. ते गृहस्थ म्हणजे चाचा. ते माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होते.

"तुला रंग बी दिसले?"

"दिसतात की."

ते तसेच वळून निघून गेले. मी घाबरून मालकांना सांगितलं, की मी बोलायला नको होतं.

झालं होतं असं. पोल्ट्रीच्या शेडचं छप्पर निळं, आणि 'निळं छप्पर आलं की डावीकडे वळ' असं शिकाऊ पोरांना शिकवलेलं. मध्ये आमची पालं उभी राहिली. त्या दिवशी शिकाऊ पोरगं आमच्या प्लास्टिकला पोल्ट्री समजून अलीकडेच वळलं आणि कॅप्टनसाहेबांच्या विमानापुढे आडवं आलं. दोन्ही विमानांत जेमतेम बैलगाडीभर अंतर राहिलं असेल.

शाळेतल्या कुणीतरी म्हणालं, पालं उठवायला सांगा. चाचा म्हणाले, "माणसं हालवायची न्हाईत. खूण हालवा." दुसऱ्या दिवसापासून वळायची खूण झाली किकवीची पाण्याची टाकी. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा परत वस्तीत आले आणि मालकांना म्हणाले, की तुमच्या मंडळींना पट्टीवर कामाला पाठवा. पट्टीवरचे खडे वेचायचे, म्हशी-कुत्री हाकलायची.

पहिल्या दिवशी मी रेडिओच्या खोलीत गेले आणि सवयीनं खाली जमिनीवर बसले. चाचा केवढ्यांदा तरी ओरडले, "ए बाय, खुर्ची घे. ह्या खोलीत खाली फकस्त पाट बसतो."

"पाट तर टेबलावर आहे, चाचा."

"मंग खाली कुनीच न्हाई."

गावाकडून निघाल्यापासून मला कुणी खुर्ची दिली नव्हती. सांगायला बारीक गोष्ट आहे, पण आहे.

*

आता त्या भाकरीबद्दल सांगायला पाहिजे, कारण चाचा म्हटलं की जुनी पोरं आधी तेच विचारतात.

दोन विमानं एकमेकांच्या अंगावर येता येता राहिली, की चाचा त्याला म्हणायचे 'गाठ ऱ्हायली'. त्या दिवशी उड्डाणं थांबायची. खोलीबाहेर ओटा होता. चाचा आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी काढायचे, मधोमध मोडायचे, आणि दोन्ही पायलटांना एका ताटाला समोरासमोर बसवायचे. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. जो सुकट खात नसेल त्याला नुसता कांदा. नियम एकच. घास घ्यायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, की दुसरा कुठं आहे असं मला वाटत होतं, आणि तसं का वाटत होतं. चूक कुणाची हे बोलायचं नाही. जो बोलेल त्याची भाकरी कुत्र्याला.

कॅप्टनसाहेबांना आधी हा पोरखेळ वाटला होता. मग त्या निळ्या छपराची गोष्ट ह्याच ताटावर बाहेर पडली. ओरडलं असतं तर ते पोरगं नुसतं 'सॉरी सर' म्हणालं असतं आणि पुन्हा आमच्या पालांवर वळलं असतं.

ही रीत चाचांनी स्टँडवरून आणली होती. वरंधा घाटात दोन एसट्या एका वळणावर समोरासमोर आल्या होत्या, बंपरला बंपर लागायचा राहिला. दोघेही ड्रायव्हर भोरचेच, एका आळीतले. ह्यानं हॉर्न दिला नाही असं तो म्हणे, त्यानं दिला नाही असं हा म्हणे. वर्षानुवर्षं बोलणं बंद. एका रमजानच्या महिन्यात चाचांनी दोघांना घरी बोलावलं आणि एका ताटावर बसवून म्हणाले, भांडू नका, फक्त काय काय केलं ते सांगा. तेव्हा कळलं, की दोघांनीही हॉर्न दिला होता. एकाच वेळी. ज्याच्या त्याच्या कानात ज्याचा त्याचा हॉर्न वाजत होता, म्हणून दुसऱ्याचा ऐकू आला नाही.

"बोल आता, चूक कुनाची?" चाचा मला विचारायचे.

रेडिओचंही तसंच असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही कुणाला ऐकू जात नाही, नुसती किंचाळी येते.

*

पिवळं झाकण हरवलं ते माझ्या हातून. पाट पुसायला बाहेर नेला आणि झाकण कुठंतरी घरंगळलं. तासभर शोधलं. शेवटी खोकल्याच्या औषधाचीच दुसरी बाटली सापडली, तिचं झाकण तेवढंच, कडेला तशाच खाचा, पण पांढरं. म्हटलं, आज हे ठेवू, उद्या पिवळा रंग आणून लावू. दिवसभर मी वाट बघत होते, की आता चाचा ओरडतील, कारण पाटावर आता दोन पांढरी झाकणं.

चाचांनी झाकण उचललं. बोटांनी खाचा चाचपल्या, ते पांढरं झाकण टाकीच्या वळणावर सरकवलं आणि रेडिओवर म्हणाले, की पिवळी टाकीवर आहे.

दुसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस मी मुद्दाम रंग लावला नाही. आठव्या दिवशी मला कळून चुकलं, की चाचांना तो रंगच दिसत नाही. मग बाकीचं सगळं जुळत गेलं. चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावून ठेवणं. कुणी दारात उभं राहिलं की ते बोलेपर्यंत 'या' न म्हणणं. वस्तीत आले तेव्हा हाताकडे न बघता तोंडाकडे, म्हणजे आवाजाकडे बघणं. वर बघायची गरज नाही ही त्यांची ऐट सगळ्यांना पाठ होती. तिच्या आत मोतीबिंदू पिकत होता.

आणि मला कामावर का घेतलं, तेही तेव्हाच कळलं. त्यांना खडे वेचणारी नको होती.

मी सांगायला पाहिजे होतं. कॅप्टनसाहेबांना त्याच दिवशी जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण एकदा चाचाच बोलता बोलता म्हणाले होते, "हितनं गेलो की म्या संपलो. घरात भिताडावर लिवू बी द्येत न्हाईत." आणि चाचा गेले असते तर मीही गेले असते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती खुर्ची. तोंड उघडायचं म्हटलं की ती खुर्ची आठवायची.

मग मी काय केलं, तर दारात उभी राहून आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागले. "लाल आलं बाई टाकीवर. पांढरं अजून लांबच आहे. पिवळं वळलं, वळलं." चाचा काही म्हणायचे नाहीत. झाकण सरकायचं. कधी पायलटाच्या आधी मीच बोलायची आणि झाकण आधीच जागेवर जाऊन बसायचं. कॅप्टनसाहेब एकदा कौतुकानं म्हणाले, "चाचा, तुम्हाला विमानांचा वासच येतो." चाचा हसले. मी खाली बघितलं. सबंध एक उन्हाळा आम्ही दोघांनी असा काढला, त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द न बोलता.

*

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. राजगडाची माची दिसत होती पश्चिमेला. आभाळात एकच विमान, पिवळ्या शेपटीचं, आणि त्यात केतकी म्हणून नागपूरकडची मुलगी एकटी. तिचे एकटीनं उडायचे ते पहिलेच दिवस. म्हशी पट्टीच्या टोकाला आल्या म्हणून मी काठी घेऊन गेले. खोलीपासून शंभरेक पावलं. जाताना केतकी भट्टीच्या वळणावर होती, एकटीच, म्हणून मी निवांत होते.

म्हशी वळवून मी मागं बघितलं आणि दोन विमानं दिसली.

खाली पिवळं, उतरायला लागलेलं. त्याच्या वर, थोडं मागं, एक निळं, आमच्याकडचं नव्हे. ते चौकोन न घालता, लांबून सरळ पट्टीवरच येत होतं, आणि जास्त वेगानं उतरत होतं. आमच्या विमानांचे पंख डोक्यावर असतात, छपरासारखे, त्यांना वरचं दिसत नाही. ह्या निळ्याचे पंख पायाखाली होते, त्याला खालचं दिसत नव्हतं. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, आणि तिच्या वरच्या बांधावरून पोटाशी पाटी धरून चालणारी दुसरी. दोघी नीट चालतात, आणि तरी एकमेकींना दिसत नाहीत.

मी पळत सुटले. पळत पळतच ओरडले, "चाचा! दोन आहेत! दोन!"

चाचांचं बोट पाटावर. "एकच हाय. पिवळी. दुसरं कोन बोललंच न्हाई."

"न बोलता आलंय! वरून! तिच्या डोक्यावर आहे!"

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे खिडकीभर फिरले आणि कुठंच थांबले नाहीत. मग त्यांनी माइक माझ्यासमोर धरला.

"तू सांग."

मी कधी त्याला हात लावला नव्हता. मला इंग्रजी येत नव्हतं. आणि मला हे ठाऊक होतं, की घाबरलेला पायलट एकच गोष्ट करतो, इंजिन जोरात करून वर जातो. तसंच शिकवलेलं असतं. ती वर गेली असती तर संपलं होतं. मी बटण दाबलं.

"केतकीताई, वर जाऊ नका! तुमच्या वर दुसरं विमान आहे! वर नको! उजवीकडे सरका, आहे त्याच उंचीवर, खालूनच, उजवीकडे!"

काही उत्तर नाही. मी परत तेच बोलले. परत उत्तर नाही. चाचा हळूच म्हणाले, "बटान सोड, पोरी. तू दाबून धरलंय तवर तिला बोलता येत न्हाई."

मी बोट उचललं. तोवर बाहेर पिवळ्या शेपटीनं उजवा पंख झुकवला होता. ती ज्वारीच्या रानावरून, खालूनच बाजूला गेली. निळं विमान तिच्या जागेतून सरळ खाली आलं आणि पट्टीवर टेकलं. त्यातनं एक टापटीप गृहस्थ उतरले, चष्मा पुसला, आणि ओट्याजवळ येऊन विचारलं, "चहा मिळेल का इथं?"

*

त्या दिवशी ताटाला दोन नाही, चार माणसं बसली. कॅप्टनसाहेब पलीकडे खांबाला टेकून उभे होते. चाचांनी भाकरीचे चार तुकडे केले. तुकडे लहानमोठे झाले.

पाहुणे आधी बोलले. तोवर त्यांना सगळं सांगून झालं होतं आणि त्यांचा चहा तसाच निवला होता. "मला वाटलं, इथं कुणीच नाही. रेडिओवर कुणीच बोलत नव्हतं, अगदी शांतता. आत्ता बघितलं तर माझाच रेडिओ बंद पडलेला. शांत आहे म्हणजे मोकळं आहे, असं मी धरून चाललो."

केतकी म्हणाली, "मला वाटलं, मी एकटीच आहे. चाचांनी तसं सांगितलं होतं. चाचा सांगतात म्हणजे असतंच." ती रडत नव्हती. रडल्यासारखी बोलत होती.

मग चाचांची पाळी. आजवर ते ताट मांडायचे, ताटावर कधी बसले नव्हते. त्यांनी तुकडा हातात घेतला आणि परत ठेवला.

"मला वाटलं, पाटावर हाय त्येवडंच आभाळात हाय. कारन मला आभाळ दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. साहेब, म्या तुमास्नी सांगितलं न्हाई. ही पोर दारात उभी ऱ्हाऊन बोलती, तिच्या बोलन्यावर म्या झाकनं हालवतो."

कॅप्टनसाहेबांनी तोंड उघडलं, चाचांनी हात वर केला. "थांबा. आजून एक जन ऱ्हायलाय."

माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मी मुलीला वाचवलं होतं, सगळे तसंच म्हणत होते. गप्प बसले असते तर कायम तसंच म्हणत राहिले असते. पण ताटाला बसल्यावर खोटं बोलता येत नाही, किंवा मला आलं नाही.

"मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "झाकण बदललं तेव्हापासून. मी सांगितलं नाही. मला वाटलं, मी दारात उभी आहे तोवर काही होणार नाही. आणि मी म्हशी हाकलायला गेले."

केतकीनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं आपल्या तुकड्यातला घास मोडला आणि खाल्ला. मग पाहुण्यांनी खाल्ला. मग आम्ही दोघांनी.

चाचांनी खोलीची किल्ली स्वतःच काढून कॅप्टनसाहेबांपुढे धरली. साहेबांनी ती घेतली. मला वाटलं, झालं, आता मालकांना सांगून पाल उचलायचं. साहेब म्हणाले, "चाचा, डोळे करून या. डोळे झाले की या, त्याआधी नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "शिक्षण किती तुमचं?"

"सहावी."

"दहावी पाहिजे. मग रेडिओची परीक्षा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसता येतं. तोपर्यंत माइकला हात लावायचा नाही." मग म्हणाले, "दारात उभं राहून बोलायचं. मी खोलीत बसेन. पण मोठ्यांदा बोलायचं, मला ऐकू आलं पाहिजे."

बाहेरून दहावी करायला मला दोन खेपा लागल्या, आणि रेडिओच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा चाचा पेढे घेऊन आले. "माज्यापरीस एकदा कमी," दुसऱ्या वेळी म्हणाले. इंग्रजीची ती वीस वाक्यं त्यांनी मला घोकून घेतली, एसटीच्या सुरासकट, आणि तो सूर काढून टाकायला मला पुढं फार त्रास पडला.

पण ते नंतरचं. आधी ऑपरेशन झालं, पुण्याला, एका डोळ्याचं. घरातल्यांना वाटलं चाचा आता आराम करतील. विसाव्या का एकविसाव्या दिवशी ते भोरहून एसटीनं निघाले, कापूरहोळला गाडी बदलली, किकवीला उतरून माळ चढून आले. काळा चष्मा लावलेला, इस्त्रीचा सदरा. खोलीत गेले नाहीत. ओट्यावरही बसले नाहीत. पट्टीच्या कडेला, उन्हात, मोकळ्यात जाऊन उभे राहिले. मी दारात होते. सवयीनं माझं चालूच होतं, "लाल आलं बाई टाकीवर, पांढरं अजून..."

"गप," चाचा म्हणाले. "म्या सांगतो."

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं असणार. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मान वर केली आणि हळूहळू, फलाटावर लागलेल्या गाड्या वाचत जावं तसं, आभाळ एका टोकापासून वाचायला घेतलं.

"लाल. टाकीचं वळान. तिच्या मागं पांढरी, लांब हाय, घाई न्हाई." ते थांबले. बोट उचललं, टाकीच्या आणखी वर, उन्हाच्या अंगाला. "आन ती घार हाय. ती मोजू नगं."

मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ लागला. होती, पंख न हलवता, संथ फिरत. मला ती दिसलीच नव्हती.